नियाझला ठाऊक होतं

नियाझकाका आमच्यातला नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. पुढं जे काही झालं ते एवढ्याचमुळे झालं.

समरकंदच्या यहुदी मोहल्ल्यात माझ्या भिंतीला भिंत लावून नेरियोशेठचं घर आहे आणि त्याच्या अंगणाखाली वाइनचं तळघर. शनिवारचा शब्बाथ असो, लग्न असो, पोराची सुंता असो, आशीर्वादाचा पेला भरायचा तो नेरियोच्याच पिंपातून. या तळघराचा राखणदार म्हणजे नियाझ. ताजिक, मुसलमान, पाचही वेळा नमाज पढणारा. त्याच्या देवानं त्याला वाइन प्यायला मनाई केलेली, आमच्या देवानं शिवायला. नेरियो म्हणायचा, "असा राखणदार बाजारात मिळत नाही, दोन देवांनी मिळून घडवावा लागतो."

द्राक्षांच्या टोपल्या खांद्यावरून आणायच्या, त्याला हरकत नाही. रिकामी पिंपं धुवायची, लाखेचे दोन-दोन शिक्के मारलेली भरली पिंपं ढकलायची, तीही चालतात. पण हौदात पाय पडले, रस सुटला, की नियाझनं मागं सरायचं. परक्याचा हात उघड्या वाइनला लागला की ती आमच्यासाठी संपली. म्हणून त्याला सवयच लागून गेली होती, दोन्ही हात पाठीशी बांधून उभं राहायचं. बाजारात खरबूज निवडतानाही हात मागंच. खरबूजवाला विचारायचा, "काका, हुंगून निवडताय की काय?" मी रंगारी, माझे हात कोपरापर्यंत निळे. माझी बायको झुलाय म्हणायची, "तुम्हा दोघांत मिळून एक धड हात नाही."

नेरियोचं त्याच्यावर प्रेम होतं, हे खोटं नाही. शब्बाथच्या जेवणाला तो नियाझला बोलावायचा, दाराशी बसवायचा, वाफाळता भात त्याच्या पुढ्यात ठेवायचा, आणि वाइनची सुरई दस्तरखानाच्या पार दुसऱ्या टोकाला सरकवून वर रुमाल टाकायचा. मग दोन पेले पोटात गेले की भाषण सुरू.

"बघा याला! परमेश्वरानं जगातल्या सगळ्या माणसांना सात आज्ञा दिल्या. आपल्याला दिल्या सहाशे तेरा, त्यातल्या आपण किती मोडतो ते तोच जाणे. या नियाझनं सातांतली एकही मोडली नाही. चोरी नाही, खून नाही, परस्त्रीकडं बघणं नाही. परलोकात याची जागा पक्की आहे, हे मी नाही, आपले धर्मगुरू, हाखाम सांगतात. माझ्या शेजारी बसेल हा तिथं!"

"तिथंही दाराशीच ना, मालक?" नियाझ विचारायचा.

आम्ही पोट धरून हसायचो. नियाझही हसायचा. तो हसला की नेरियोला फार बरं वाटायचं.

त्या वर्षी द्राक्षं अशी गोड उतरली होती की माश्या घडांवरच झिंगून पडत. नेरियोनं सगळ्यात मोठं पिंप वल्हांडणाच्या सणासाठी राखून ठेवलं. त्या रात्री अख्ख्या मोहल्ल्यात घरटी, माणशी चार-चार पेले लागतात आणि ते सगळे त्या एका पिंपातून निघायचे होते. नवी वाइन आत उकळ्या फोडत होती. शिक्के मारून झाले आणि प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस उजाडला.

त्या दिवशी मोहल्ल्यात चिटपाखरू नसतं. बायका, म्हातारे, सगळे पांढरे कपडे घालून प्रार्थनाघरात. पोटात अन्न नाही, घशात पाणी नाही, दिवसभर छाती बडवून पापांची कबुली. मागं राहिली मांजरं आणि नियाझ.

दुपार कलली असेल. मोठ्या पिंपाच्या तळाशी बसवलेला दट्ट्या बंदुकीच्या गोळीसारखा उडाला, लाखेचे दोन्ही शिक्के घेऊन कुठल्या तरी पिंपाखाली गेला, आणि वाइनची धार थेट समोरच्या भिंतीवर. नियाझ ओरडला. कुणाला ऐकू जाणार? आम्ही तेव्हा देवाला ओरडून सांगत होतो की आम्ही किती वाईट आहोत. नियाझनं पुढं होऊन भोकावर उजवा तळहात दाबला. धार थांबली.

आणि तो तसाच राहिला. हात काढला तर पिंप रिकामं होणार, न काढला तर दट्ट्या शोधता येत नाही. आतून वाइन ढकलतेय, बाहेरून म्हातारा. गुडघे टेकून, खांदा पिंपाला लावून, आमची प्रार्थना संपेपर्यंत.

आकाशात तारे दिसले, शिंग फुंकलं, आम्ही एकमेकांना शुभेच्छा देत घरी आलो. नेरियोनं चहाचा पहिला घोट घेतला आणि त्याला वास आला. दिवा घेऊन खाली धावला, मागं मी, माझ्यामागं कारभारी मुर्दखाय. प्रार्थनाघराचा कारभारी, दोनांतला दुसरा शिक्का त्याचाच. वास त्यालाही आला होता. त्याचं नाक दुसऱ्याच्या घरातच जास्त चालतं.

नेरियोनं पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. "नियाझ! माझ्या भावा! दिवसभर असा?" त्यानं म्हाताऱ्याच्या डोक्याचं चुंबन घेतलं. दट्ट्या शोधून काढला, मारला. नियाझचा हात आपणहून खाली येईना, मी धरून खाली आणला. तळहात वांग्यासारखा काळानिळा, त्यावर भोकाचा गोल वळ, बोटं वाकडी झालेली. त्या हातावरून वाइन ठिबकत होती.

मुर्दखायनं दिवा जवळ नेला. "हाच हात होता ना आत?"

नेरियोचा चेहरा मी तेव्हा पाहिला. चुंबन घेतलेले ओठ अजून पुढंच होते.

"हात आत नव्हता," नेरियो म्हणाला, "बाहेर होता."

"बाहेर होता तर धार कशी थांबली? वाऱ्यानं?"

"मालक," नियाझ म्हणाला, "मला जरा पाणी मिळेल का?"

कुणी आणलं नाही. कुणाला ऐकूच आलं नाही, असं म्हणू. शेवटी त्याची बायको रुझी कपडा आणि वाटी घेऊन आली.

सकाळपर्यंत मोहल्ल्यात दुसरा विषय नाही. जो तो हाखाम झाला. एक म्हणे, अख्खं पिंप ओता. दुसरा म्हणे, हातासमोरची तेवढी वाइन बाद, बाकीची चालेल. पण पिंपातली वाइन काही शाळेतल्या पोरांसारखी रांगेत उभी नसते. बायका वेगळंच बोलत होत्या. "बिचाऱ्याचा हात बघितला का?" आणि लगेच, "मग सणाला करायचं काय आता?"

नियाझच्या मशिदीतली माणसं काही वेगळी नव्हती. तिथं त्याला विचारलं, "काय रे, यहुद्याच्या दारूत अंघोळ केलीस म्हणे? नकळत झालं असेल तर दोष नाही, हात धू आणि ये." नियाझ म्हणाला, "नकळत नाही झालं." त्यांनी त्याला शेवटच्या ओळीत उभं केलं, तेही थोडं अंतर ठेवून.

आता खरी मेख ऐका. आमचे हाखाम एलिशो, नव्वदीला टेकलेले, ऐकू कमी येतं पण नको ते बरोबर येतं. त्यांनी रात्रीत पोथ्या काढल्या आणि सकाळी नेरियोला निरोप पाठवला: मुसलमान मूर्तिपूजक नाही, त्यामुळे त्याचा हात वाइनला चुकून लागला, किंवा ही वाइन आहे हेच त्याला ठाऊक नसलं, तर ती खुशाल प्यावी. मात्र ठाऊक असून, ठरवून लावला असेल, तर आपल्याला वर्ज्य. ती रशियन छावणीतल्या दुकानाला द्या. आणि हे त्याच्या तोंडून ऐकायचं, दुपारी, प्रार्थनाघराच्या अंगणात.

निरोप्याची पाठ वळते न वळते तोच नेरियो हलव्याचं ताट घेऊन अंगणातल्याच नियाझच्या खोलीत. मी मागोमाग, मला घरी बसवेल कसं?

"नियाझ, सोपं आहे. हाखाम विचारतील, पिंपात काय होतं. तू म्हणायचं, मला ठाऊक नाही. चल, म्हणून बघू. पिंपात काय होतं?"

"वाइन."

"अरे देवा! पुन्हा. पिंपात काय होतं?"

"तुमचीच वाइन, मालक. वल्हांडणाची."

"वल्हांडणाचं नाव कशाला काढतोस! हे बघ, तुला वाटलं सिरका आहे. किंवा पाणी. तू म्हातारा झालास, तळघरात अंधार होता..."

"मीच धुतलेलं पिंप," नियाझ म्हणाला, "मीच जागेवर बसवलं."

मी म्हटलं, "काका, मग असं सांग की पाय घसरला आणि पडता पडता हात भोकावर गेला."

"आणि तारे दिसेपर्यंत पडतच राहिलो?"

मला हसू आवरेना. नेरियोनं माझ्याकडं असं बघितलं की मी हलव्याचा तुकडा तोंडात घालून गप्प बसलो.

रुझी चुलीपाशी होती. ती म्हणाली, "म्हणा ना मेलं. एक शब्द तर आहे. ही खोली गेली तर या वयात जायचं कुठं? तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं, कुणाच्या बापाचं काय जातं?"

"ऐक तिचं," नेरियो म्हणाला. मग उठून दाराशी गेला आणि तिथून, पाठ करूनच बोलला. "नियाझ, तू 'ठाऊक नव्हतं' म्हणालास तर ही खोली तुझी, मरेपर्यंत. 'ठाऊक होतं' म्हणालास, तर ज्याचा हात माझी वाइन बाद करतो असा माणूस मी तळघरावर कसा ठेवू? लोक माझ्याकडून सिरका तरी घेतील का?"

हलव्याचं ताट तो परत घेऊन गेला नाही. एवढा काही तो वाईट नाही.

दुपारी अंगणात तुतीच्या झाडाखाली गर्दी. माणसं भिंतींवर चढून बसलेली. हाखाम गादीवर, नियाझ समोर, फडकं बांधलेला हात पोटाशी धरून. त्याला बसायला घडवंची दिली होती, बसला नाही.

मुर्दखायला राहवेना. "हाखामसाहेब, एवढं विचारायचंय काय? परक्याचा हात तो परक्याचा हात. घाणच ती."

"घाण?" हाखामांनी कानाला लावलेला तळवा खाली घेतला. "कुणी शिकवलं तुला? गाढवानं पिंपात तोंड घातलं तर वाइन बाद होते का?"

"नाही."

"मांजरानं पंजा घातला तर?"

"नाही."

"मग याच्या हातानं का होते? गाढवाला मन नाही म्हणून त्याच्या तोंडाला वजन नाही. याला मन आहे. हा ठरवू शकतो, याचा नवस देवाला ऐकू जातो, म्हणून याच्या हाताला वजन आहे. परमेश्वरानं पहिला माणूस घडवला तो यहुदी होता का रे? आपल्या रूपाचा ठसा त्यानं त्या पहिल्यावर मारला, तो याच्यावरही आहे. याचा अपमान केलास तर त्या ठशाचा केलास." मग ते नियाझकडं वळले. आवाज एकदम मऊ. "नियाझ, तू पिंपाला हात लावलास तेव्हा आत काय आहे हे तुला ठाऊक होतं का? नीट विचार करून बोल. ठाऊक नसलं, तर झालं ते जनावराच्या पायानं काही सांडावं तसं झालं. कुणाचाच दोष नाही. सगळ्यांचंच भलं होईल."

म्हणजे बघा, गाढव व्हायचं आणि खोली ठेवायची, की माणूस व्हायचं आणि खोली सोडायची. हाखामांनी दोन्ही दारं किती आदरानं उघडून धरली होती!

नेरियो मागून पुटपुटत होता, "म्हण, म्हण, म्हण." भिंतीवरून कुणीतरी गाढवासारखं ओरडलं. सगळे फिदीफिदी हसले.

नियाझ म्हणाला, "हाखामसाहेब, आज पहाटे मशिदीत मला हेच विचारलं. मी म्हटलं, ठाऊक होतं. आता इथं म्हणू, ठाऊक नव्हतं? एका हाताला दोन डोकी कुठून आणू?"

"तिथलं तिथं. मी इथलं विचारतोय."

"वाइन होती. वल्हांडणाची. माझा हात लागला की तुमच्या कामाची राहणार नाही, हेही ठाऊक होतं. वाटलं, छावणीच्या दुकानात तरी खपेल. भिंत काही विकत घेत नाही." मग तो म्हणाला, "आणि दुसरंही एक वाटलं. इतकी वर्षं सगळे म्हणतात, नियाझ परलोकात आमच्या शेजारी बसणार. वाटलं, एका पिंपावरून एवढं काही मोडणार नाही."

हाखामांनी दोघांना खूण केली. त्यांनी काखेत हात घालून म्हाताऱ्याला उठवलं. नव्वदीचे गुडघे कडकड वाजले. आमच्या राज्यपालासमोरही न उठलेले हाखाम एलिशो नियाझसमोर उभे राहिले, काठीवर दोन्ही हात ठेवून, मान लववून.

"असा माणूस दिसला की उठून उभं राहावं, कुठल्याही धर्माचा असो," ते म्हणाले. "सगळे उठा."

आम्ही उठलो. भिंतीवरचे खाली उतरून उभे राहिले. नियाझ कावराबावरा झाला, मागं वळून बघू लागला की आणखी कोण आलंय.

आणि उभ्यानंच हाखामांनी निकाल दिला. "वाइन बाद. यहुद्याच्या तोंडाला लागता कामा नये."

नेरियो ओरडलाच. "उभे राहता त्याच्यासाठी आणि निकाल माझ्यावर? एवढा थोर आहे ना तो? मग ठेवून घ्या तुमच्या घरी!"

हाखाम हळूहळू परत बसले. त्यांना बराच वेळ लागला. मग म्हणाले, "माझ्याही घरी शब्बाथची सुरई असते, नेरियो."

मोठं पिंप छावणीत गेलं. गाडीत चढवायला नियाझचाच खांदा लागला. रशियन शिपायांनी ती वाइन पिऊन आठवडाभर गाणी म्हटली, आमच्या मोहल्ल्यापर्यंत ऐकू यायची.

नंतर नियाझचा मान जो वाढला, विचारू नका. तो गल्लीतून निघाला की दुकानदार गादीवरून उठायचे. पोरांना आया सांगायच्या, "बघ, हा तो खरं बोलणारा." आणि तो काम विचारायला थांबला की गादीवरचे पुन्हा खाली बसायचे. कापडवाला म्हणाला, "काका, तुमच्यासारख्या माणसाला हलकं काम कसं सांगू?" तेलवाल्यानं सरळच सांगितलं, "गिऱ्हाइकानं तुम्हाला विचारलं, तेल ताजं आहे का, तर?" उजव्या हाताची बोटं तशीच वाकडी राहिली होती, त्यामुळे टोपल्याही धड उचलवत नव्हत्या. मशिदीत तो अजून शेवटच्याच ओळीत. मी त्याला म्हटलं, "काका, दोन्ही धर्मांत तुझी जागा पक्की झाली बघ. दाराशी." तो हसला नाही. पहिल्यांदाच.

नेरियोनं त्याला उपासामागोमाग येणारा मांडवाचा सण उरकेपर्यंत खोलीत राहू दिलं, एका अटीवर: नव्या माणसाला तळघर समजावून द्यायचं. नवा माणूस नेरियोनं शोधून काढला होता. यावेळी त्यानं कसलीच कसर ठेवली नव्हती. तोशमत नाव, वीटभट्टीवरचा, अंगानं बैल आणि डोक्यानं रिकामा. नेरियोनं त्याला वाइनचा पेला दाखवून विचारलं, "हे काय?" तोशमत म्हणाला, "बिटाचं पाणी." नेरियोनं त्याला मिठीच मारली. बाहेर येऊन मला म्हणाला, "याला काहीच ठाऊक नाही आणि कधी होणारही नाही. याचा हात म्हणजे मांजराचा पंजा! हाखामांना विचारायलाही नको."

मी त्या दिवशी तळघरात होतो. पिंपांच्या तळाचा गाळ मला रंगात घालायला लागतो, तो खरवडत होतो. नियाझ तोशमतला एकेक दाखवत होता. झाडू कुठं, पाणी कुठं, दिवा कुठं टांगायचा. तोशमत मोठ्या पिंपाच्या रिकाम्या जागेपाशी थांबला, मग शेजारच्या भरलेल्या पिंपावर थाप मारून म्हणाला, "काका, यात काय असतं?"

नियाझनं दाराकडं पाहिलं. नेरियोनं बजावून ठेवलं होतं, त्याला काही सांगायचं नाही. मी खरवडायचं थांबलो.

"वाइन," नियाझ म्हणाला.

"म्हणजे?"

"द्राक्षं तुडवली की रस. रस आंबला की वाइन. हे लोक तिच्यावर देवाचं नाव घेतात. तू हात लावलास तर घेणार नाहीत."

"माझ्या हातानं?"

"तुझ्या हातानं."

तोशमतनं आपला हात उलटसुलट करून पाहिला. विटांनी फाटलेला, फावड्याएवढा हात. त्या हातानं काही होऊ शकतं हे त्याला आजवर कुणी सांगितलं नसावं. "पुन्हा सांग," तो म्हणाला. नियाझनं पुन्हा सांगितलं, सावकाश, पाठ होईपर्यंत.

मग काय! तोशमत जिना चढून गल्लीत. दिसेल त्याच्यापुढं हात नाचवत, "यात वाइन असते! मी हात लावला की संपली! माझ्या हातानं!" कापडवाल्याला सांगितलं, माझ्या बायकोला सांगितलं, मुर्दखायला तर तीनदा सांगितलं. मुर्दखाय धावत नेरियोकडं. नेरियो जोडा हातात घेऊनच बाहेर आला. तोशमतच्या तोंडावर, पाठीवर, जिथं लागेल तिथं. तोशमत एवढा धिप्पाड, पण हात वर केला नाही. दोन्ही हात छातीशी लपवून धरले, कुठं लागू नयेत म्हणून. आम्ही हसून हसून भिंतींना टेकलो होतो.

"चालता हो! तुलाही कळलं का? तुलाही?"

तोशमत फाटकाबाहेर पडला आणि तिथंच मातीत बसून लहान पोरासारखा रडायला लागला. वीटभट्टीवर त्याची जागा दुसऱ्यानं घेतली होती. नियाझ आणि रुझी बोचकी घेऊन निघाले होते, त्याच्याजवळून जाताना थांबले. तोशमतनं नियाझचा झगा धरला.

"काका, ते मला परत विसरायला लाव ना. मग ते ठेवून घेतील."

नियाझनं झगा सोडवून घेतला नाही.

"ते मला येत नाही," तो म्हणाला.